पाच पास झाले, पुढे काय?

प्रश्न: मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमचा सतरा वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ जिल्हा स्पर्धेत उपांत्य फेरी गाठतो आणि दरवेळी तिथेच अडकतो. संघात एक मुलगी फार चांगली आहे, निम्म्याहून जास्त गुण तिचेच असतात. यंदा समोरच्यांनी तिच्यावर दोघी-दोघी लावल्या आणि आमचा खेळच बंद पडला. तेव्हापासून मी नियम केलाय की पाच पास झाल्याशिवाय रिंगकडे बघायचं नाही. आता पास होतात, पण पाचव्या पासला बॉल परत तिच्याकडेच येतो, नाहीतर मध्येच कुणीतरी काढून नेतं. तिचे वडील म्हणतात, राज्य निवडीचं वर्ष आहे, तिचा बॉल कमी करू नका. बाकीच्या पालकांचं म्हणणं नेमकं उलट. आणि सामना अटीतटीचा झाला तर शेवटी बॉल द्यायचा कुणाकडे?

नमस्कार मॅडम,

पाच पासचा नियम आधी काढून टाका. उद्याच्या सरावापासूनच. तुमचा हेतू चांगला होता, पण मुली त्यातून पाचपर्यंत मोजायला शिकल्या, बाकी काही नाही. आणि समोरचा संघही मोजतो हो! पहिल्या चार पासांत काही होणार नाही हे एकदा कळलं की त्या निवांत उभ्या राहतात आणि पाचव्याला पुढे झेपावतात. तुमचा बॉल तेव्हाच जातो यात नवल ते काय? त्यातून शालेय सामन्यांत चोवीस सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट टाकायलाच लावणारं) बऱ्याचदा नसतंच, त्यामुळे बॉल नुसता फिरवत राहायला कुणाची आडकाठीही नाही.

घोळ असा आहे की पास म्हणजे वाटून खाणं, असं आपण शाळेत शिकवतो. सगळ्यांना बॉल मिळू दे, एकटीने खेळू नको, वगैरे. खो-खोचा संघही बहुधा तुमच्याच गळ्यात असेल, म्हणून त्यातलं उदाहरण घेतो. पाठलाग करणारी खो देते ती बसलेलीवर उपकार म्हणून नाही. पळणारी पलीकडे निसटली, हिला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि त्या बाजूला तोंड करून बसलेली तिथे आयतीच आहे, म्हणून खो. तो एक पाऊल उशिरा दिला तर फुकट जातो. पासचंही हेच. माझ्यापेक्षा तू बऱ्या जागी आहेस आणि ही जागा क्षणभरच टिकणार आहे, एवढं एकच कारण पास करायला पुरतं.

आता बचाव करणारीच्या बाजूने बघा. तिला आपली मुलगीही सांभाळायची असते आणि बॉलवरही नजर ठेवायची असते. बॉल लांब असला की ती आपल्या मुलीपासून सुटून रिंगच्या दिशेने आत सरकते, मदतीला. बॉल तिच्या मुलीकडे आला की तिला धावत बाहेर यावं लागतं, हात वर करून, आणि तेही जपून, नाहीतर समोरची बगलेतून निघून जाते. एका पासला हे जमतं. दुसऱ्यालाही बहुतेकींना जमतं. तिसरा पास त्याच वेगाने उलट्या बाजूला गेला की कुणीतरी अर्धं पाऊल उशिरा पोचते, आणि त्या अर्ध्या पावलात लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकलेला सोपा शॉट, असतो. तुमच्याकडे सध्या उलटं चाललंय. बॉल एकीच्या हातात आठ-दहा सेकंद ठोकत राहतो. चौघी बचावपटूंना काम नाही. त्या आरामात आत येतात, रस्ता बंद करतात, आणि मग आपण म्हणतो, पोरीला आज सूर सापडला नाही.

उपांत्य सामन्यात काय झालं असेल तेही तुमच्या पत्रावरून दिसतंय. ती बॉल घेऊन मध्यरेषा ओलांडते, बहुतेक आपल्या जोराच्या हाताने, आणि साइडलाइनच्या कडेने. रेषा ओलांडली की बॉल मागे नेता येत नाही आणि बाजूला साइडलाइन. म्हणजे दोन बाजू मैदानानेच अडवून दिल्या, उरलेल्या दोन अडवायला दोघी पुरतात. तिने ड्रिबल, म्हणजे बॉल ठोकत नेणं, थांबवला की संपलंच. मग उंच, तरंगता पास, आणि तो समोरचीच्या हातात. पण दोघी तिच्यावर आल्या म्हणजे तुमच्या चौघींना अडवायला तिकडे तिघीच उरल्या. हा तर फायदा झाला, तो वसूल करणारं कुणी नव्हतं. तुमच्या चौघी तेव्हा काय करत होत्या? हात वर करून, जागेवर उभ्या राहून "दे, दे" ओरडत असणार.

याचा इलाज सोपा आहे, फक्त रोज करावा लागतो. एक मुलगी मध्यवर्तुळाच्या जरा पुढे, दोन्ही बचावपटूंच्या मधल्या फटीत दिसेल अशी धावत यायला हवी. तुमच्या खेळाडूने दुसरी बचावपटू अंगावर येण्याआधी, ती निघाली की लगेच, बॉल तिथे सोडायचा. आता बॉल मैदानाच्या मध्यात आहे, पुढे तिघींवर उरलेल्या तिघी आहेत, आणि मागच्या दोघी पाठ करून परत धावतायत. मधलीने तोंड रिंगकडे करायचं आणि एकच ड्रिबल मारायचा. कुणीतरी तिला अडवायला येणारच. जी येईल तिची मुलगी मोकळी.

वडिलांच्या मुद्द्यावर येतो, कारण तुमची खरी अडचण तीच आहे असं पत्र वाचून वाटतं. त्यांना मायकल जॉर्डनचं सांगा, ते नाव त्यांनी ऐकलेलं असेल. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या १९८६-८७ च्या मोसमात जॉर्डनने सामन्यामागे ३७.१ गुण काढले. एवढे गुण काढणाऱ्याचा संघ कुठे होता? शिकागो बुल्स ४० जिंकले, ४२ हरले, आणि पहिल्याच फेरीत बोस्टनकडून ०-३ असे घरी गेले. अगदी एकखांबी तंबू. पुढे १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी आपले सहायक टेक्स विंटर यांची त्रिकोणी रचना आणली. या रचनेत ठरलेली चाल कमी आणि बॉल कुठे गेला, समोरचा कसा उभा आहे, हे बघून पुढचा पास ठरवणं जास्त. जॉर्डनला ती सुरुवातीला फारशी रुचली नव्हती. १९९०-९१ मध्ये त्याची सरासरी ३१.५ वर आली आणि बुल्स पहिल्यांदा विजेते झाले.

वडिलांना दाखवायची गोष्ट पुढेच आहे. ३१.५ वर येऊनही त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक सरासरी त्याचीच होती. बॉल कमी झाला म्हणून खेळाडू लहान झाला नाही. आणि लेकर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या, निर्णायक सामन्यात सगळा बचाव जॉर्डनकडे झुकलेला असताना मोकळ्या जागेवरून एकामागून एक शॉट टाकले ते जॉन पॅक्सनने. त्याने २० गुण काढले, त्यातले १० शेवटच्या चार मिनिटांत. असा पॅक्सन प्रत्येक संघात असतो. त्याच्या हाताला आधी बॉल लागलेला असावा लागतो, एवढंच.

राज्य निवडीबद्दलही तेच. निवड चाचणीत ती नऊ अनोळखी मुलींबरोबर खेळणार आहे. तिथे प्रत्येकीला आपला शॉट दाखवायचा असतो, हिला कोण तीस वेळा बॉल देतंय? बॉल हातात नसताना कुठे धावायचं, कुणाला स्क्रीन लावायचा (म्हणजे तिच्यासाठी बचावपटूची वाट अंगाने अडवायची), आलेला बॉल लगेच पुढे कसा सोडायचा, हे जिला येतं ती तिथे दिसते. जी फक्त मध्यरेषेपासून ड्रिबल करत यायला शिकली, ती चाचणीभर बॉलची वाट बघत उभी राहते. हे वडिलांना सांगताना आवाज चढवू नका. त्यांनी पोरीला रोज पहाटे मैदानावर सोडलंय, त्यांचीही काळजी खोटी नाही.

तरी "सगळ्यांनी सारखं खेळायचं" असा याचा अर्थ बाकीच्या पालकांनी काढू नये. बॉल फिरवणाऱ्या संघांत माझ्या मते सर्वात देखणा संघ २०१३-१४ चा सॅन अँटोनियो स्पर्स. त्या मोसमात त्यांनी ६२ सामने जिंकले आणि एकाही खेळाडूला सामन्यामागे सरासरी ३० मिनिटं खेळवलं नाही. सर्वाधिक गुण टोनी पार्करचे, तेही सरासरी १६.७. आदल्या वर्षी याच स्पर्सच्या हातातून मायामीने सातव्या सामन्यात विजेतेपद हिसकावलं होतं. २०१४ ला त्याच मायामीला, लेब्रॉन जेम्ससारखा खेळाडू त्यांच्याकडे असताना, स्पर्सनी ४-१ ने धुतलं. तिसऱ्या सामन्यात स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक पॉपोविच यांनी बोरिस डिआवला सुरुवातीपासून उतरवलं. हा गडी अंगाने भारी, उडी बेताची, पण पास करण्यात मोठा चलाख. त्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात स्पर्सचे ३३ पैकी २५ शॉट रिंगमध्ये गेले आणि त्यांनी ७१ गुण केले. अंतिम मालिकेत कुठल्याही अर्ध्यात इतकी अचूक नेमबाजी तोवर झालेली नव्हती.

त्या सामन्याची चित्रफीत मुलींना दाखवा, पण हळू गतीने, आणि बॉलकडे बघू नका म्हणून सांगा. मायामीच्या पायांकडे बघायला लावा. पार्कर आत घुसतो, दोघे त्याच्याकडे वळतात. बॉल कोपऱ्यात जातो, तिथे एक जण धावतो. कोपऱ्यातला तो धरून ठेवत नाही, तसाच बाजूच्याला देतो, आता धावणारा दुसराच. बॉल कुणाच्याच हातात रेंगाळत नाही. पॉपोविचच्या संघामुळे नावारूपाला आलेला अर्ध्या सेकंदाचा नियम तो हाच: बॉल आला की अर्ध्या सेकंदात शॉट, घुसणं किंवा पास, तिन्हींपैकी एक ठरलं पाहिजे. धरून विचार करत बसायचं नाही. चुकीचा निर्णय झाला तरी परवडतो, उशिरा झालेला परवडत नाही, कारण तेवढ्यात बचाव परत जागेवर पोचतो.

मग पास मोजायचे की नाही? स्टीव्ह कर २०१४ मध्ये प्रशिक्षक म्हणून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे आले तेव्हा आदल्या मोसमात तो संघ लीगमध्ये सर्वात कमी पास करणारा होता. कर यांनी सामन्याला तीनशे पासांचं लक्ष्य ठेवलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते विजेते झाले. हे ऐकून तुमचा पाचाचा नियम बरोबर वाटेल. पण २०१७-१८ चा ह्यूस्टन रॉकेट्स बघा. लीगमधल्या सर्वात कमी पास करणाऱ्या संघांपैकी एक. जेम्स हार्डन नाहीतर ख्रिस पॉल बॉल ठोकत उभे, समोर एकटा बचावपटू, बाकीचे तिघे-चौघे दूर पांगलेले. जिंकले किती? ६५. वॉरियर्सना त्यांनी सातव्या सामन्यापर्यंत नेलं. तो हरताना लागोपाठ २७ तीन-गुणी शॉट चुकले आणि पॉल जखमी होऊन बाहेर होता, त्यामुळे पराभवाचं खापर एकट्याने खेळण्यावर फोडणंही बरोबर नाही. हार्डनला अडवायला दुसरा आला की बाहेर नेमबाज मोकळे असत, म्हणजे तिथेही बचाव हलतच होता, फक्त तो हलवण्याचं काम ड्रिबल करत होता. म्हणून मी पास मोजत नाही. किती बचावपटूंना जागा सोडावी लागली ते बघतो. बाहेरच्या बाहेर दहा पास केले आणि समोरची एकही हलली नाही, तर तो वेळकाढूपणा झाला.

तुमच्याकडे हार्डन नाही आणि बाहेरून टाकणाऱ्या नेमबाजही नसणार. सतरा वर्षांखालच्या मुलींना तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून, सातत्याने टाकता येणं अवघडच. त्यामुळे एनबीएसारखं कोपऱ्यात पांगून उभं राहण्यात तुमचा काही फायदा नाही, तशा उभ्या मुलींना कुणी अडवायलाच येणार नाही. तुमचे गुण कटमधून येतील: पास दिला की उभं न राहता सरळ रिंगकडे धावायचं, बॉल परत मिळाला तर लेअप, नाही मिळाला तर पलीकडून बाहेर पडायचं आणि ती जागा दुसरीने भरायची.

हे शिकवायला मला एकच खेळ पुरतो, ड्रिबलबंदीचा. अर्ध्या मैदानावर चौघींविरुद्ध चौघी, ड्रिबल अजिबात नाही. (बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये लिहिलेल्या मूळ तेरा नियमांतही बॉल घेऊन पळता येत नव्हतं, जिथे झेलला तिथूनच फेकायचा. ड्रिबल नंतर आला.) पहिले दोन दिवस गोंधळ होईल, मुली वैतागतील, बॉल सारखा जाईल. जाऊ द्या. ड्रिबल नसला की बॉलवाली अडकते, आणि तिला सोडवायला बाकीच्यांना हलावंच लागतं. हलायचं कसं हेही तिथेच दुरुस्त करा. एखादी उभी राहून पास घेत असेल तर खेळ थांबवा. पास घेणारीने बॉलकडे दोन पावलं यायचं, हात छातीसमोर, झेलताना दोन्ही पाय जमिनीवर. आधी रिंगकडे एक पाऊल खोटं टाकायचं, समोरची मागे गेली की बाहेर यायचं. ती मागे न जाता पास अडवायला पुढेच झेपावली तर तिच्या पाठीमागून सरळ रिंगखाली, आणि पास टप्प्याचा. अंतर चार-पाच मीटर. त्याहून लांब पास या वयात तरंगतो, आणि तुमचे बरेचसे बॉल तिथेच जात असतील असा माझा अंदाज आहे. हे रुळलं की ड्रिबल परत द्या, पण फक्त रिंगच्या दिशेने. बाजूला सरकत ठोकणं बंद.

आणि नियम हवाच असेल तर पाच पासांऐवजी हा ठेवा: शॉटच्या आधी बॉल एकदा तरी रिंगसमोरच्या तीन सेकंदांच्या चौकटीत गेला पाहिजे, पासने किंवा ड्रिबलने. तो आत गेला की पाचही बचावपटूंची मान आत वळते, आणि त्यांच्या पाठीमागे कट मारायला हीच वेळ. गुण लिहिणाऱ्या मुलीला वहीत एक रकाना वाढवायला सांगा. शेवटचा पास देणारी असिस्टमुळे सगळ्यांना माहीत असते, त्या रकान्यात तिच्या आधीचा पास कुणाचा ते लिहायचं. सामना संपल्यावर ते मोठ्याने वाचा. ज्या मुलीचं नाव गुणांच्या यादीत कधी येत नाही तिचं नाव तिथे येतं, आणि तिचा बचावातला उत्साहही वाढतो. ज्या मुलीला आपल्याकडे बॉल येणारच नाही याची खात्री असते, ती परत धावतानाही अर्ध्या मनाने धावते.

तुमच्या चांगल्या खेळाडूशी वेगळं बोला, सगळ्यांसमोर नको. "कमी खेळ" असं म्हणू नका, तिला शिक्षा वाटेल. बॉल वर आणायचं काम दुसरीला द्या आणि तिला रिंगजवळून, स्क्रीनमागून बाहेर येत बॉल घ्यायला लावा. बॉल मिळेल तेव्हा तिच्यासमोर एकटी आणि तीही धावत येणारी बचावपटू असेल, आणि रिंग चार पावलांवर. आज मध्यरेषेपासून तिघींना चुकवत ती जे दोन गुण काढते, ते तिथून एका ड्रिबलमध्ये निघतील. हे तिला तोंडी सांगून पटणार नाही. मोबाइलवर काढलेला सामना दाखवा, ती बॉल ठोकत असताना चित्र थांबवा आणि तिच्याकडे बघणाऱ्या बचावपटू मोजायला सांगा. मग ती स्क्रीनमागून आली तेव्हाचं चित्र थांबवा.

राहिला शेवटच्या मिनिटाचा प्रश्न. एका गुणाने मागे आहात, एकच आक्रमण उरलंय, तर बॉल तिच्याचकडे द्या, बिनदिक्कत. फक्त समोरच्या दोघी तिच्यावर येणार हे गृहीत धरून द्या, आणि त्या क्षणी रिंगखाली कोण कट मारणार ते नाव घेऊन आधी ठरवा. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी शाळेतल्याच चौदा वर्षांखालच्या मुलांशी सराव सामने लावा, मुलांना सांगा की तिच्यावर कायम दोघांनी जायचं, आणि शेवटचं मिनिट दर वेळी बरोबरीपासून पुन्हा खेळवा.